अनंत श्रेढीची बेरीज आणि रात्रीचा काळोख

वारूळवाडीहून पूर्वेला खोडदच्या वाटेला लागले म्हणजे काही मैलांवर शेतांच्या मधून तारेच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या डोके वर काढताना दिसतात. ह्या भागातील मुलामाणसांना त्यांचे आता नवल राहिलेले नाही. ऊस, द्राक्षे, टोमॅटो जसे आपले, तशी ही दुर्बीणही आपलीच, असे सर्वजण धरून चालतात. परंतु त्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून काय करतात, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे एक उत्तर असे देता येईल, की त्या एक फार मोठी बेरीज करीत आहेत. ती बेरीज कसली, आणि ती कोठेतरी थांबते हे ठरवावयाचे कसे, ह्याविषयी आम्ही येथे चार गोष्टी सांगणार आहोत.

आरंभ एका साध्या प्रश्नाने करू. अमावास्येच्या रात्री आकाश काळे का दिसते? “सूर्य मावळला म्हणजे अंधार पडणारच, ह्यात विचारावयाचे ते काय?” असे कोणीही म्हणेल, आणि त्याला हसण्याचे कारण नाही. पण थोडा विचार करून पाहा. सूर्य हाही एक ताराच. विश्व अफाट आहे, त्याला अंत नाही, आणि त्यात तारे सर्वत्र सारखेच विखुरलेले आहेत, असे मानले तर दूरचा प्रत्येक तारा आपल्याकडे थोडा तरी प्रकाश पाठवीतच असणार. एकेकाचा प्रकाश यत्किंचित् खरा, पण तारे अनंत! अनंत वेळा यत्किंचित् म्हणजे किती? थोडे, पुष्कळ, की अमर्याद? ह्या प्रश्नाचे उत्तर आकाशाकडे पाहून मिळत नाही. त्यासाठी आधी वहीत डोके घालावे लागते.

ज्या बेरजेची पदे कधीच संपत नाहीत तिला अनंत श्रेढी म्हणतात. पदे एकामागून एक मिळवीत गेले असता बेरीज एका ठराविक संख्येच्या हवी तितकी जवळ जाते आणि मग तिला सोडून दूर जात नाही, असे झाले तर ती श्रेढी अभिसारी. तसे होत नसेल तर ती अपसारी. व्याख्या एवढीच आहे. अडचण आहे ती ओळखण्याची.

एक भाकरी घ्या. अर्धी आज खा, उरलेल्यातील अर्धी उद्या, पुन्हा उरलेल्यातील अर्धी परवा. अर्धा, पाव, दोन आणे, एक आणा असे तुकडे होत जातील. हा क्रम जन्मभर चालविला तरी खाल्लेल्या तुकड्यांची बेरीज एका भाकरीच्या पुढे जाणार नाही, कारण भाकरी एकच होती! १/२ + १/४ + १/८ + … ही बेरीज १ होते, ह्याला यापेक्षा जास्त पुरावा लागू नये. जिथे प्रत्येक पद मागील पदाच्या ठराविक पटीत असते तिला भूमितिश्रेढी म्हणतात, आणि ती पट एकाहून कमी असेल तर बेरीज आवरलेली राहते. पट दोन झाली की काय होते हे भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीच्या श्रेढीव्यवहारात पाहावयास मिळते. एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करीत जातो, तर महिन्याने किती होतील? उत्तर येते २,१४,७४,८३,६४६ कवड्या. आपल्या जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या यज्ञातील दक्षिणेचे आकडे कोरले आहेत. गाई हजारांनी आणि कार्षापण हजारांनी. पण नाणेघाटाचा हिशेब असो वा लीलावतीचा, पदे मोजकी होती, दान कुठेतरी संपत होते. आमची अडचण उलट आहे. आमची पदे लहान लहान होत जातात, पण संपत नाहीत.

आता येथे एक खड्डा आहे, आणि त्यात पडणारे पुष्कळ. आम्हीही पडलो आहोत. पदे लहान लहान होत शून्याला मिळत असतील तर बेरीज आवरणारच, असे मनाला सहज वाटते. कॉलेजात असताना आम्हांस १ + १/२ + १/३ + १/४ + … ही श्रेढी दिसली. हिला हरात्मक श्रेढी म्हणतात. आम्ही कोष्टक घेऊन कंदिलाच्या उजेडात बेरजेस बसलो. दहा पदांची बेरीज २.९३ आली. शंभर पदांची ५.१९. दोनशे पदांपर्यंत गेलो तेव्हा ५.८८ झाले होते, आणि शेवटची पदे मिळविताना आकडा जेमतेम हलत होता. सकाळी मास्तरांना मोठ्या ऐटीत सांगितले, की ही बेरीज ६ च्या पुढे जाणार नाही. मास्तरांनी वही पाहिली, बेरजा बरोबर आहेत म्हणाले, आणि “आणखी सत्तावीस पदे घ्या” असे सांगून वर्गावर निघून गेले. आम्ही घेतली. दोनशे सत्ताविसाव्या पदाला बेरीज ६ ओलांडून गेली.

तरीही आमचे समाधान झाले नव्हते. सहा नाही तर दहा, दहा नाही तर बारा, कुठेतरी ती थांबेल अशी आशा होतीच. ती आशा फ्रान्समधील निकोल ओरेम ह्या पंडिताने चौदाव्या शतकाच्या मध्यासच मोडून ठेवलेली आहे. त्याची युक्ती इतकी सोपी आहे की ती कोणालाही अंगणात बसून पटविता येईल. १/३ आणि १/४ ही दोन पदे एकत्र घ्या. १/३ हे १/४ पेक्षा मोठे, म्हणून दोघांची बेरीज दोन चतुर्थांशांहून, म्हणजे अर्ध्याहून, जास्त. पुढची चार पदे, १/५ पासून १/८ पर्यंत. प्रत्येक पद निदान १/८, म्हणून चौघांची मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. त्यापुढची आठ घ्या, पुन्हा अर्धा. त्यापुढची सोळा घ्या, पुन्हा अर्धा. प्रत्येक मोळी मागच्या मोळीपेक्षा दुप्पट लांब लागते, पण अर्धा पदरात पडतोच. असे अर्धे अर्धे अनंत वेळा मिळाल्यावर बेरीज कुठली थांबते? ती हवी तितकी मोठी होते. मात्र तिची चाल विलक्षण मंद आहे. विश्वाचे वय आजच्या मोजणीप्रमाणे सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. त्याच्या पहिल्या सेकंदापासून कोणी दर सेकंदाला एक पद मिळवीत बसला असता तर आज त्याची बेरीज ४१ च्या जरा पुढे असती.

आपल्या गावाच्या नावात वारूळ आहे, तेव्हा मुंगीचेही उदाहरण देतो. एक मीटर लांबीची रबरी दोरी आहे. तिच्या एका टोकाला मुंगी. मुंगी एका सेकंदाला एक सेंटिमीटर चालते, आणि प्रत्येक सेकंद संपला की दोरी एक मीटरने ताणली जाते, सगळीकडे सारखी. मुंगी दुसऱ्या टोकाला पोहोचेल काय? पहिल्या सेकंदाला ती दोरीचा शंभरावा भाग चालली. दोरी ताणली तरी तो भाग शंभरावाच राहतो, कारण मुंगीच्या मागची दोरीही ताणली जाते. दुसऱ्या सेकंदाला दोनशेवा भाग, तिसऱ्याला तीनशेवा. म्हणजे मुंगीचा प्रवास ही आपली हरात्मक श्रेढीच, शंभराने भागलेली. ती श्रेढी अपसारी आहे, तेव्हा मुंगी पोहोचणार. पण त्याला जितके सेकंद लागतील तो आकडा ४४ अंकी आहे. विश्वाचे वय सेकंदांत मांडले तर १८ अंक होतात. पोहोचेल आणि पोहोचणार नाही ह्यांतील निवाडा श्रेढीच्या आरंभीच्या पदांत नसून तिच्या शेपटीत असतो, आणि ती शेपटी कोणालाही पूर्ण पाहता येत नाही, हे ह्या मुंगीवरून ध्यानात यावे. पहिली दोनशे पदे किंवा पहिली दोनशे कोटी पदे पाहून निकाल देता येत नाही. पदे कोणत्या नियमाने लहान होत जातात तो नियम कळला पाहिजे.

आता नियम किंचित् बदलून पाहू. १ + १/४ + १/९ + १/१६ + … अशी वर्गांच्या व्यस्तांची श्रेढी घ्या. हिच्यासाठी ओरेमचीच मोळ्या बांधण्याची रीत लावू, फक्त आता वरून. दुसरे व तिसरे पद मिळून दोन पदे, प्रत्येक फार तर १/४, म्हणजे फार तर १/२. पुढची चार पदे प्रत्येकी फार तर १/१६, म्हणजे फार तर १/४. पुढची आठ फार तर १/८. मोळ्या दुप्पट लांब होत आहेत, पण प्रत्येक मोळीचे वजन मागच्या मोळीच्या निम्म्याच्या आत. ही भाकरीचीच गोष्ट झाली. बेरीज २ च्या पुढे जाऊ शकत नाही. ती नेमकी किती, हे ऑयलरने १७३४ साली शोधून काढले. वर्तुळाच्या पाय ह्या संख्येचा वर्ग करून सहाने भागले म्हणजे ती बेरीज येते, सुमारे १.६४५. पूर्ण संख्यांच्या श्रेढीत वर्तुळ कोठून शिरले, हे एक स्वतंत्र व्याख्यान आहे.

दुपटीच्या मोळ्या बांधण्याची ही रीत कोशीने १८२१ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पाठ्यपुस्तकात सर्वसाधारण कसोटी म्हणून मांडली. पदे सतत उतरती असली की ती चालते. ह्या कसोटीने हरात्मक श्रेढीच्या मोळ्या सगळ्या सारख्या वजनाच्या ठरतात, आणि वर्गश्रेढीच्या निम्म्या निम्म्या होत जातात. मग ह्या दोहोंच्या मधली हद्द कोठे? हरात १ ऐवजी दुसरा घात न घेता १.०१ एवढाच घात घेतला तर? मोळ्यांचे वजन अगदी किंचित्, शेकड्याला एकाहूनही कमी, घटत जाते. पण घटते, आणि ठराविक पटीने घटते, म्हणून श्रेढी अभिसारी. बेरीज शंभराच्या थोडी वर येते. घात बरोबर एक ठेवला की मात्र बेरीज हाताबाहेर गेली.

विद्यार्थी ज्या कसोटीला पहिला हात घालतात ती निराळी. लागोपाठच्या दोन पदांचे गुणोत्तर पाहावयाचे, आणि ते एकाहून कमी अशा एखाद्या संख्येच्या आत कायमचे राहिले की श्रेढीला भूमितिश्रेढीशी जोडून निकाल द्यावयाचा. दालाँबेरच्या नावाने ही कसोटी ओळखली जाते. ती उपयोगी खरी, पण नेमकी अडचणीच्या जागी मुकी होते. हरात्मक श्रेढीत गुणोत्तर एकाकडे जाते, वर्गश्रेढीतही एकाकडेच जाते. एक अपसारी, दुसरी अभिसारी, आणि कसोटी दोघींपुढे गप्प. परीक्षेत “गुणोत्तर एकाहून कमी आहे, म्हणून अभिसारी” असे लिहून मोकळे होणारे विद्यार्थी आम्ही वर्षानुवर्षे पाहिले. प्रत्येक पद मागच्याहून लहान आहे एवढेच त्यांनी दाखविलेले असते. आमच्या कंदिलाच्या रात्रीहून ही चूक वेगळी नाही.

हरात्मक श्रेढीची एक गंमत १९१४ साली केंप्नर ह्या गणितज्ञाने दाखविली, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ह्या श्रेढीतून ज्या ज्या पदाच्या छेदात ९ हा अंक येतो ते ते पद काढून टाका. १/९ गेले, १/१९ गेले, १/९० ते १/९९ सगळी गेली. उरलेली श्रेढी अभिसारी होते! एवढ्याशा छाटणीने हे कसे झाले? ९ नसलेल्या एकअंकी संख्या आठ, त्यांची प्रत्येक व्यस्त संख्या फार तर १, एकूण ८ च्या आत. दोनअंकी अशा संख्या बहात्तर, प्रत्येकीचा व्यस्त फार तर १/१०, एकूण ७.२ च्या आत. तीनअंकी सहाशे अठ्ठेचाळीस, एकूण ६.४८ च्या आत. प्रत्येक वेळी नऊ दशांश पट. ८० च्या पुढे बेरीज जाऊच शकत नाही, आणि प्रत्यक्षात ती २३ च्याही आत राहते. छाटणी लहान नव्हती, हेच खरे. शेकडो अंकांच्या संख्या घेतल्या तर ज्यांत एकही ९ नाही अशा संख्या औषधालाही मिळत नाहीत.

आतापर्यंत सगळी पदे जमेची होती. जमा आणि खर्च आलटून पालटून आले तर मामला आणखी नाजूक होतो. १ − १/३ + १/५ − १/७ + … ही श्रेढी केरळातील माधव आणि त्याची शिष्यपरंपरा ह्यांनी युरोपच्या कित्येक पिढ्या आधी ओळखली होती. तिची बेरीज पायचा चौथा हिस्सा. ती इतकी सावकाश पुढे सरकते की माधवाच्या परंपरेने शेवटी जोडावयाची दुरुस्तीची पदेही काढून ठेवली. श्रेढीच्या न पाहिलेल्या शेपटीची किंमत अंदाजण्याचा हा खटाटोप आम्हांस फार मोलाचा वाटतो. आणखी एक चमत्कार. १ − १/२ + १/३ − १/४ + … ह्या श्रेढीची बेरीज ०.६९३ येते. तीच पदे, एकही न गाळता, एक जमा आणि दोन खर्च अशा क्रमाने लिहिली तर बेरीज बरोबर निम्मी होते. कीर्दीतील नोंदी त्याच, क्रम बदलला आणि शिल्लक निम्मी झाली, असे कोणी दिवाणजी सांगू लागला तर मालक त्याला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार नाही. मोजक्या नोंदींच्या कीर्दीत हे घडत नाही. अनंत नोंदींच्या कीर्दीत घडते, आणि रीमानने १८५४ साली दाखविले की अशा श्रेढीची पदे हलवून कोणतीही बेरीज आणता येते.

ह्याच रीमानने १८५९ साली मघाच्या घातांच्या श्रेढीवरून अविभाज्य संख्यांविषयी एक अनुमान मांडले, आणि ते आजही सिद्ध व्हावयाचे आहे. त्याच्याशी झुंजलेल्यांत एक नाव आपल्या डोंगरांशी जोडलेले आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गोव्याचे, पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात आणि पुढे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे अध्यापक व संशोधक. इतिहासकार म्हणून त्यांची कीर्ती अधिक. जुन्नरच्या लेण्यांविषयी आणि घाटवाटांविषयी त्यांनी जे लिहिले ते त्या वाटा पायाखाली घालून लिहिले. १९५९ साली त्यांनी संभाव्यतेच्या रीतीने रीमानच्या अनुमानाची सिद्धता मिळाल्याचे प्रसिद्ध केले, तेही शेतीच्या सांख्यिकीला वाहिलेल्या एका नियतकालिकात. गणितज्ञांनी ती मान्य केली नाही. कोसंबींसारख्या तीक्ष्ण बुद्धीच्या माणसालाही जेथे पाय रोवता आला नाही, तेथली वाट किती निसरडी असेल, हे ह्यावरून समजावे. १९६६ साली त्यांचे पुण्यात निधन झाले.

आता आकाशाकडे वळू. आपल्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गोल पदर कल्पा, सगळे सारख्या जाडीचे. दुप्पट अंतरावरच्या पदराचे क्षेत्र चौपट, म्हणून त्यात तारे चौपट. पण दुप्पट अंतरावरच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो तो चौथाई. चौपट आणि चौथाई ह्यांची वजावट झाली. प्रत्येक पदर आपल्याला सारखाच प्रकाश देतो. म्हणजे आकाशाची श्रेढी आहे १ + १ + १ + १ + …, हरात्मक श्रेढीहूनही उघड अपसारी. जवळचे तारे दूरच्यांना झाकतात हे खरे, पण त्याने एवढेच होते की बेरीज अनंत न होता जिकडे बघावे तिकडे कोणत्या तरी ताऱ्याचा पृष्ठभाग दिसू लागतो. डोक्यावरच्या अर्ध्या आकाशात सूर्याएवढ्या तबकड्या लाखाच्या घरात मावतात. तितके सूर्य एकदम तळपत असते तर वारूळवाडी, मीना नदी आणि शिवनेरीचा डोंगर ह्यांपैकी काहीच शिल्लक नसते. मधली धूळ प्रकाश अडवील, असेही म्हणून चालत नाही. अनंत काळ प्रकाश शोषणारी धूळ अखेर ताऱ्यांइतकीच तापेल. ही शंका केप्लरला १६१० साली आली होती. शेझोने १७४४ साली ती हिशेबात मांडली, आणि १८२३ साली जर्मन वैद्य व ज्योतिर्विद ओल्बर्स ह्यांनी तिचा पुन्हा ऊहापोह केला. त्यांचेच नाव तिला चिकटले.

काळोख आहे, त्या अर्थी बेरीज आवरलेली आहे. ती आवरली कशी, ह्याची दोन उत्तरे संभवतात, आणि गणिताच्या दृष्टीने ती अगदी भिन्न आहेत. एक असे की श्रेढी अनंत नाहीच. विश्वाला आरंभ आहे, प्रकाशाचा वेग ठराविक आहे, तेव्हा १,३८० कोटी वर्षांत ज्यांचा प्रकाश येऊन पोहोचला तेवढीच पदे आपल्या वहीत. दुसरे असे की श्रेढी अनंत आहे, पण विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या पदरांचा प्रकाश तांबडा व क्षीण होत जातो, पुढची पदे झपाट्याने उतरतात आणि श्रेढी अभिसारी होते. विश्वाला आरंभ नाही असे मानणाऱ्या स्थिरस्थिती सिद्धान्ताला हे दुसरे उत्तर सोयीचे होते. रात्र दोन्ही विश्वांत काळीच!

मग निवाडा कशाने व्हावा? पदे मोजून. रेडिओलहरी सोडणाऱ्या दूरच्या उगमांची तेजानुसार गणती केंब्रिजमध्ये मार्टिन राइल ह्यांनी चालविली होती. उगम सर्वत्र सारखे पसरलेले असतील तर तेजाची मर्यादा चौथाईवर उतरविली की अंतर दुप्पट होते, घनफळ आठपट, म्हणून संख्या आठपट झाली पाहिजे. कोशीची दुपटीची मोळी ती हीच. राइल ह्यांची संख्या आठपटीहूनही वेगाने वाढत होती. पूर्वी, म्हणजे दूरवर, उगम अधिक होते, सबब विश्व बदलत आले आहे, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. त्याच केंब्रिजमध्ये कोल्हापुरास १९३८ साली जन्मलेले तरुण जयंत नारळीकर आपले गुरू फ्रेड हॉइल ह्यांच्यासमवेत स्थिरस्थितीची बाजू लढवीत होते. १९६१ च्या सुमारास त्यांनी प्रतिपादन केले की उगमांचे वाटप जवळपास विषम असेल तर आरंभीची पदे फसवी दिसू शकतात. ह्या युक्तिवादाची जात आमच्या वाचकांना आता परिचयाची वाटेल. १९६५ साली सर्व आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर बहुसंख्य ज्योतिर्विद आरंभ असलेल्या विश्वाकडे झुकले. नारळीकरांनी मात्र पर्यायी मार्गाचा विचार अखेरपर्यंत सोडला नाही. पुण्याच्या आयुका संस्थेचे ते संस्थापक-संचालक. २० मे २०२५ रोजी पुण्यातच ते निवर्तले.

खोडदची दुर्बीण ही ह्याच मोजणीतील पुढची पायरी. प्राध्यापक गोविंद स्वरूप ह्यांनी तिची कल्पना केली आणि १९९० नंतरच्या दशकात ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतील १४ खोडदजवळ एकत्र, बाकीच्या तीन फाट्यांवर पसरून पंचवीस किलोमीटरांपर्यंत अंतर गाठणाऱ्या. माणसाने निर्माण केलेला रेडिओचा गोंगाट येथे कमी, आणि डोंगरांचा आडोसा, हे ह्या जागेचे गुण. ह्या दुर्बिणीने १५० मेगॅहर्ट्झवर सुमारे नव्वद टक्के आकाश पाहिले आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत सहा लाखांहून अधिक उगम नोंदले गेले. फिकट उगमांकडे जावे तसा गणतीचा वेग आठपटीवरून पुष्कळ खाली येतो. तो चौपटीच्या खाली कायमचा राहिला, म्हणजे चौथाई तेजाचे उगम चौपटीहून कमी मिळू लागले, की प्रत्येक मोळीचा प्रकाश मागच्या मोळीहून कमी होतो आणि श्रेढी आवरते. पण मध्येच, फार फिकट तेजाला, सामान्य ताराजनक दीर्घिकांची नवी फौज गणतीत शिरते आणि वेग पुन्हा थोडा वाढतो. म्हणूनच आणखी फिकट, आणखी फिकट असे शोधीत जावे लागते.

ह्या हिशेबाला एक ताळाही आहे. उगम एकेक न मोजता सगळ्या आकाशाचे एकूण रेडिओतेज एकदम मोजता येते. २००६ साली अमेरिकेत फुग्याला बांधून वर पाठविलेल्या एका उपकरणाने तसे मोजले. मोजलेल्या व अंदाजलेल्या सगळ्या उगमांच्या बेरजेपेक्षा ते तेज कितीतरी अधिक भरले. मोजणीत आपल्याच आकाशगंगेचा वाटा चुकून राहिला, की कोणी न पाहिलेल्या अतिफिकट उगमांची एक लांब शेपटी अजून मिळवावयाची राहिली आहे, ह्यावर ज्योतिर्विदांचे एकमत झालेले नाही. रात्री नारायणगावचा बाजार मिटला आणि गावाचे दिवे मंदावले तरी खोडदच्या तबकड्या पुढच्या पदांसाठी आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात.